सीटी स्कॅन निघाला की फोन तुटतो: साताऱ्याच्या एका लाइनवरचं क्यूओएस

तक्रार एका ओळीची होती. साताऱ्याच्या सेंटरवरून पुण्याला लावलेला फोन दिवसातून दहा-बारा वेळा तुटतो, चार-पाच मिनिटं तुटत राहतो आणि मग कुणी काही न करता आपोआप बरा होतो.

गिऱ्हाईक म्हणजे निदान केंद्रांची मध्यम आकाराची एक साखळी. मुख्य कार्यालय पुण्यात, सेंटरं सातारा, कराड आणि फलटणला. स्कॅन साताऱ्यात काढायचा, पण तो वाचणारे रेडिओलॉजिस्ट बसणार पुण्यात. त्यामुळे पेशंट मशिनवरून उतरला की सगळ्या प्रतिमा लाइनवरून पुण्याच्या सर्व्हरवर जातात. फोनही त्याच लाइनवर: एक्स्चेंज पुण्यात आणि साताऱ्यात आठ आयपी फोन. बिलिंग रिमोट डेस्कटॉपवर, संध्याकाळी सातला बॅकअप. हे सगळं १० एमबीपीएसच्या एका लीज्ड लाइनवर, आयपीसेक टनेलमधून, म्हणजे वाटेत कुणी वाचू नये म्हणून कुलूपबंद करून.

मला बोलावण्याआधी तीन उपाय करून झाले होते. लाइन ४ वरून १० एमबीपीएस केली. फोन बदलले. आणि कुणीतरी राउटरवर आणि स्विचवर "क्यूओएस चालू केलं" होतं. क्यूओएस म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस: लाइनवर गर्दी झाली तर कुणाला आधी सोडायचं ते ठरवणं. ते कोणी केलं, नक्की काय केलं, हे सांगणारं माणूस सापडलं नाही, कागद तर नाहीच. शेवटी साखळी चालवणारे डॉक्टरसाहेब म्हणाले, "क्यूओएस करून झालंय, त्याचा उपयोग होत नाही. आता लाइन २० करायची का, एवढंच सांगा."

कुणाचा आवाज कुणाला तुटतो

तक्रार आली की आपण आधी "कधी होतं?" विचारतो. मी हल्ली आधी "कुठल्या बाजूला?" विचारतो. साताऱ्याच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. "सर, मला पुण्याचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. तेच ओरडत असतात, तुमचं काही कळत नाही म्हणून. मी इकडे नीट बोलतेय आणि तिकडे मीच येडी ठरते."

निम्मं निदान इथंच झालं. पुण्याहून साताऱ्याला येणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, ठीक, साताऱ्याहून पुण्याला जाणारी बिघडलेली. मी त्या दिवशी गाडीनं गेलो होतो. जाताना खंबाटकीचा घाट चढलो, येताना बोगद्यातून आलो. घाटात ट्रक बंद पडला तरी बोगद्यातून येणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. लाइनचंही तसंच आहे. १० एमबीपीएस जायला आणि १० यायला, दोन वेगळे रस्ते, दोन वेगळ्या रांगा. ताई ज्या रस्त्यावरून ऐकत होत्या तो मोकळा होता.

मग जाणारा रस्ता भरतो कशानं? सीटीच्या कन्सोलवर पाठवलेल्या स्कॅनची यादी वेळेसकट दिसते. मी ताईंना एक कोरं बिलबुक दिलं आणि फोन तुटला की घड्याळ बघून लिहायला सांगितलं. दुपारी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. अकरापैकी दहा वेळा जुळल्या. अकराव्या वेळी फोन कुणीतरी टेबलावरून पाडला होता.

सीटीची एक चकती म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट. म्हणजे अर्धा एमबी. छाती-पोटाच्या एका स्कॅनमध्ये पातळ चकत्या धरल्या तर ६०० होतात. एकूण ३०० एमबी. १० एमबीपीएसच्या लाइनवर, टीसीपी (फाइल तुकड्यातुकड्यांनी पोचवण्याची पद्धत) आणि आयपीसेकची वेष्टणं धरून, त्याला साडेचार मिनिटांहून थोडं जास्त लागतं. तक्रारीतली "चार-पाच मिनिटं" ती हीच.

लाइन ४ ची १० केल्यावर फरक का पडला नाही, तेही यातच आलं. टीसीपी जेवढी जागा दिसेल तेवढी भरतो, तो बनवलाच तसा आहे. आधी फोन अकरा मिनिटं तुटायचा, आता साडेचार. २० केली असती तर सव्वादोन. हा फायदा खरा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण सव्वादोन मिनिटं तुटणाऱ्या फोनसाठी दरमहा दुप्पट भाडं भरायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

रांग कुणाच्या अंगणात आहे

लाइन मोकळी असताना साताऱ्याहून पुण्याला पिंग, म्हणजे एक पॅकेट जाऊन परत यायचा वेळ, ९ मिलिसेकंद. सीटी सुटला की तोच पिंग ३१५ वर चढायचा आणि तिथंच थांबायचा, वर अधूनमधून एखादं पॅकेट गायब. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत बोलण्यासाठी एका दिशेनं १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर ठीक मानलाय. इथं उशीर दुप्पट, त्यात तो हेलकावतोय, आणि पॅकेटही पडतंय. माणसाचा आवाज यात टिकत नाही.

३१५ वजा ९ म्हणजे ३०६. १० एमबीपीएसनं ३०६ मिलिसेकंदांत साधारण ३०.६ लाख बिट जातात. १५०० बाइटच्या पॅकेटात मोजलं तर २५५. एवढ्या नेमक्या जागी पिंग थांबतो याचा अर्थ वाटेत कुठंतरी २५६ पॅकेटांची रांग आहे आणि ती काठोकाठ भरतेय. प्रश्न एवढाच की ती कुणाच्या डब्यात.

आमच्या राउटरमध्ये ती नव्हती. राउटरचे क्यू-काउंटर, म्हणजे रांगांचे मोजमाप, उघडले तर फोनच्या वर्गात ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेटं) शून्य, इतर वर्गांत शून्य, रांगेची लांबी शून्य. आधीच्या माणसानं फोनला प्राधान्य दिलं होतं, नियम अगदी बरोबर लिहिला होता. पण राउटरमधून लाइनवाल्या कंपनीच्या डब्याकडे जाणारी केबल १०० एमबीपीएसची आणि पुढची लाइन १० ची. राउटरच्या दृष्टीनं दार केवढंतरी रुंद, गर्दी अशी नाहीच. गर्दी नाही तर रांग नाही, आणि रांग नाही तर "याला पुढं घ्या" या हुकमाला काही अर्थ उरत नाही. गर्दी व्हायची ती पुढच्या डब्यात, जिथं आमचा हुकूम चालत नाही. तो डबा पॅकेटं आली तशी रांगेत लावत होता: अडीचशे सीटीची, मधे एक ताईंचं.

या प्रकरणाचा गाभा इथं आहे. क्यूओएस म्हणजे रांगेतला क्रम बदलणं, त्यानं लाइन वाढत नाही. आणि क्रम बदलायचा तर रांग आधी आपल्या हातात हवी. ती आपल्याकडे ओढून आणायचा एकच मार्ग: आपल्या राउटरनं मुद्दाम १० पेक्षा कमी वेगानं सोडायचं. म्हणजे लाइनवाल्यांच्या डब्यात रांग लागतच नाही, ती आपल्या दारात लागते. याला शेपर म्हणतात. मी तो ९.५ एमबीपीएसला लावायचं ठरवलं. कंपनीचं मोजमाप इथरनेटच्या वेष्टणासकट असतं की त्याशिवाय, हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून पाच टक्के हाताशी ठेवले.

डॉक्टरांना हे पटेना. "आम्ही १० चे पैसे भरतो आणि तुम्ही साडेनऊच वापरू देणार?" वाद घालण्यापेक्षा मी एका कोपऱ्यात सीटी पाठवायला लावला, दुसऱ्या खिडकीत पिंग चालू ठेवला आणि नुसता शेपर लावला, वर्गबिर्ग काही नाही. पिंग ३१५ वरून ऐंशीच्या आसपास आला. डॉक्टर स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ठीक आहे, साडेनऊ." क्यूओएसमधला हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमका हाच वगळलेला असतो.

शेपरची एक बारीक खोच सांगून ठेवतो. तो वेग खरोखर कमी करत नाही. केबलवर पॅकेटं १०० च्याच वेगानं जातात, फक्त मधे थांबून थांबून. थोडं सोडायचं, थांबायचं, पुन्हा थोडं सोडायचं. हा थांबा किती मोठा, ते काही राउटरांत मूळ सेटिंगवर सोडून दिलं तर आवाजाच्या पॅकेटांना त्या थांब्याचेच धक्के बसतात. आम्ही तो १० मिलिसेकंदांचा केला. एका खेपेला ९५,००० बिट, म्हणजे मोठी आठ पॅकेटं.

१८४ चं शून्य

आता वर्ग. फोनचं पॅकेट ओळखायचं कसं? आयपीच्या मथळ्यात सेवेच्या प्रकारासाठी एक बाइट १९८१ पासून राखून ठेवलेला आहे. डिसेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४७४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) नं त्यातल्या वरच्या सहा बिटांना डीएससीपी असं नवं रूप दिलं. सहा बिट म्हणजे ६४ खुणा. आवाजासाठी रूढ खूण ४६, तिचं नाव ईएफ. आमचे फोन ती इमानदारीत लावत होते. बाइट म्हणून पाहिलं तर ४६ गुणिले ४, म्हणजे १८४.

फोनच्या केबलवर वायरशार्क (पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला: १८४. स्विचच्या पलीकडे, राउटरच्या तोंडाशी लावला: शून्य. फोननं लावलेला टिळा स्विच पुसून टाकत होता.

स्विचवर "क्यूओएस चालू" होतं ना, त्याचाच हा प्रताप. त्या जातीच्या स्विचमध्ये क्यूओएस बंद असतं तेव्हा खुणा जशाच्या तशा पुढं जातात. चालू केलं की स्विच प्रत्येक पोर्टकडे संशयानं बघतो आणि पोर्टवर विश्वास ठेव असं वेगळं सांगेपर्यंत आलेली खूण शून्य करतो. कल्पना वाईट नाही. उद्या कुणी आपल्या लॅपटॉपवरच्या सिनेमाला ४६ लावला तर? पण ज्यानं एक आज्ञा दिली त्यानं दुसरी दिली नव्हती, आणि चालू केलेल्या क्यूओएसनं नेटवर्क बंद क्यूओएसपेक्षा वाईट झालं होतं. फोनच्या आठ पोर्टांवर विश्वास ठेवायला सांगितला, बाकीच्यांवर नाही. सीटीचं मशिन स्वतः कसलीच खूण लावत नाही, म्हणून त्याला राउटरच्या आतल्या तोंडाशी पत्ता आणि पोर्ट (हा स्विचचा नव्हे, पॅकेटावर लिहिलेला सेवेचा क्रमांक) बघून खूण लावली.

खूण आतल्या तोंडाशीच का? कारण पुढं आयपीसेक आहे. एकदा पॅकेट एन्क्रिप्ट झालं की बाहेरच्या रांगेला आतला पोर्ट दिसत नाही, बंद लिफाफाच दिसतो. पण डीएससीपी त्या लिफाफ्यावर उतरवून घेतला जातो. म्हणून आत शिरताना शिक्का मारायचा आणि बाहेर पडताना नुसता शिक्का बघून रांग ठरवायची. पुढं इंटरनेटवर तो शिक्का कोणी मानत नाही. आम्हाला त्याची गरजही नव्हती, कोंडी आमच्याच दारात होती. लाइनवाल्यांचा विक्रेता मधल्या काळात वर्गवारीवाली एमपीएलएस (कंपनी स्वतः शिक्का मानते अशी लाइन) घ्या म्हणून दोनदा येऊन गेला. मी घेऊ नका म्हटलं.

महत्त्वाचं आणि घाईचं

कुणाला किती द्यायचं यावर पुण्यात बैठक झाली. खोलीतला प्रत्येक जण आपलंच काम पहिलं म्हणून आला होता. रेडिओलॉजीचे डॉक्टर सरळ म्हणाले, "डोक्याला मार लागलेला पेशंट आहे, त्याचा सीटी आधी की 'उद्या उपाशीपोटी या' हे सांगणारा फोन आधी?"

प्रश्न बिनतोड होता, पण लाइनपुरता चुकीचा. सीटी महत्त्वाचा आहे यात वाद नाही. मात्र त्याची ६०० वी चकती अर्ध्या सेकंदानं उशिरा आली तर कुणाला कळणारही नाही. आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांना निघतं आणि पाचएकशे मिलिसेकंदांनी आलं तर फेकून द्यावं लागतं. मी फळ्यावर आकडे लिहिले. जी.७११ मध्ये, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या रूढ पद्धतीत, आवाज ६४ केबीपीएस. आयपी, यूडीपी आणि आरटीपीचे मथळे धरून ८०. आमचं आयपीसेक आणि इथरनेट धरून ११४. पॅकेट लहान, वेष्टणं भारी, त्यामुळे जवळजवळ दुप्पट. तीन जण एकाच वेळी बोलत असले तरी साडेतीनशे केबीपीएसच्या आत. त्यामुळे सीटीला उशीर किती? चार मिनिटं पस्तीस सेकंदांचं काम पाच मिनिटांवर जाईल, आणि त्यातलेही पंधरा सेकंद शेपरचे आहेत, फोनचे नाहीत. डॉक्टरांनी स्वतः गणित तपासलं आणि पुढं मोजक्या शब्दांत सगळं ठरलं.

आवाजाला प्राधान्याची रांग, पण १ एमबीपीएसची मर्यादा घालून. मर्यादा नसेल तर प्राधान्याची रांग बाकीच्यांना उपाशी मारू शकते. कॉल जोडण्याच्या संदेशांना थोडी हमी. बिलिंगच्या रिमोट डेस्कटॉपला तीस टक्क्यांची हमी, कारण काउंटरवर पेशंट उभा असतो. सीटीला पन्नास. बॅकअप आणि विंडोजचे अपडेट सगळ्यात खाली, पाच टक्के. हमी म्हणजे कोटा नव्हे, हे प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगावं लागतं. बिलिंग शांत असेल तर त्याचे तीस टक्के सीटीच वापरणार. गर्दी असेल तेव्हाच आकडे लागू.

१ एमबीपीएसमध्ये ११४ चे आठ कॉल बसतात, नववा बसत नाही. आणि नववा आला तर बिघडतात ते नऊच्या नऊ, कारण मर्यादा ओलांडल्यावर राउटर कुणाचं पॅकेट टाकायचं हे बघत नाही. साताऱ्यात फोन आठच होते, तरी एक्स्चेंजमध्ये त्या सेंटरला आठ कॉलची सीमा घालून टाकली. कुणीतरी नववा फोन आणणारच.

एका शनिवारी दुपारी सगळं चढवलं. चाचणी साधी ठेवली: सीटी सोडायचा आणि त्याच वेळी दोन पिंग लावायचे, एक साधा, एक खुणेचा बाइट (टीओएस) १८४ देऊन. साधा पिंग चाळीस ते नव्वदमध्ये डुलत होता, १८४ वाला अकरा-बारावर बसून होता. ताईंनी पुण्याला फोन लावून तारखेपासून तिथीपर्यंत सगळं वाचून दाखवलं, पलीकडून "हो हो, कळलं" येत राहिलं. काउंटरमध्ये आवाजाच्या वर्गात ड्रॉप शून्य, सीटीच्या वर्गात काही शे. तिथला सिस्टिम बघणारा मुलगा ते आकडे बघून घाबरला. त्याला म्हटलं, हे ड्रॉप पडलेच पाहिजेत. टीसीपीला हळू चाल असं सांगायची इथं हीच भाषा आहे.

सोमवारी बॅकअप मेला

आता जे झालं ते मला आधी सुचायला हवं होतं. सोमवारी रात्री साताऱ्याचा बॅकअप पुरा झाला नाही, मंगळवारीही नाही. सातला सुरू व्हायचा, थोडा चालायचा आणि संध्याकाळच्या ओपीडीचे सीटी निघायला लागले की जागच्या जागी थिजायचा. पाच टक्के म्हणजे हळू चालेल हे गृहीतच होतं, पण हा हळू चालत नव्हता, उभा होता. फोन मस्त, बिलिंग मस्त.

पुण्याच्या राउटरचा लॉग उघडला तर टनेलवर रिप्ले तपासणीत नापास झालेल्या पॅकेटांची रास. कुणी बाहेरचा जुनी पॅकेटं पकडून पुन्हा सोडतोय की काय, अशी शंका यावी असा लॉग. बाहेरचा कुणी नव्हता. ते आमचंच काम होतं.

आयपीसेक प्रत्येक पॅकेटावर अनुक्रमांक घालतं. पलीकडचा राउटर आतापर्यंत आलेल्या सर्वात मोठ्या क्रमांकापासून मागं ठरावीक अंतरापर्यंतचीच पॅकेटं घेतो, त्याहून जुनं दिसलं तर नक्कल समजून टाकतो. हे अंतर, ज्याला खिडकी म्हणतात, आमच्याकडे ६४ होतं. आमच्या राउटरमध्ये क्रमांक पडतो आधी आणि रांग लागते नंतर. बॅकअपच्या पॅकेटाला क्रमांक मिळतो आणि ते आपल्या पाच टक्क्यांच्या रांगेत शेवटी उभं राहतं. ४७५ केबीपीएसनं सेकंदाला चाळीसच पॅकेटं सुटतात, पुढं ६४ उभी असतील तर १.६ सेकंद गेले. तेवढ्यात शेजारच्या रांगेतून सीटीची अकराशेच्या आसपास पॅकेटं पुढं निघून जातात, सगळी नव्या क्रमांकांची. बॅकअपचं पॅकेट पुण्यात पोचतं तेव्हा ते हजार क्रमांकांनी शिळं असतं. राउटर ते फेकतो, टीसीपी पुन्हा पाठवतो, तेही रांगेत शिळं होतं. लाइनवरून धडधाकट पोचलेलं पॅकेट उंबऱ्यावर मरत होतं.

रांगेतला क्रम बदलणं हेच तर आपण करत होतो. आणि क्रम बदलला की संशय घेणारं यंत्र त्याच टनेलच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

खिडकी ६४ ची १०२४ केली. पण अकराशे हे १०२४ पेक्षा जास्त आहेत, म्हणून बॅकअपची रांगही ६४ वरून ३२ पॅकेटांवर आणली. आता सर्वात वाईट वेळी ०.८ सेकंद थांबावं लागतं, तेवढ्यात साडेपाच-सहाशे पॅकेटं पुढं जातात, खिडकीत आरामात बसतं. त्या रात्री बॅकअप पहाटे दोनच्या सुमारास पुरा झाला. पूर्वी अकराला व्हायचा. कुणाची तक्रार नाही.

उलटा रस्ता आणि इतर सेंटरं

पुण्याच्या बाजूचं थोडक्यात. पुण्याची लाइन ५० ची, सेंटरांच्या १० च्या. पुणे एकट्या साताऱ्याकडे ५० नं सोडायला लागलं तर कोंडी साताऱ्याच्या लाइनच्या पलीकडच्या टोकाला होते आणि तिथं पुन्हा हुकूम लाइनवाल्यांचा. म्हणून पुण्याच्या राउटरवर प्रत्येक सेंटरच्या नावानं वेगळा ९.५ चा शेपर लावला आणि आत तेच वर्ग. ताईंना आजवर पुण्याचा आवाज स्वच्छ येत होता तो साताऱ्याकडे मोठं काही येत नसल्यामुळे. त्या भरवशावर राहायचं नव्हतं.

कराडला लाइन दुसऱ्या कंपनीची. तिथं सीटी सुटला तरी पिंग वाढतच नव्हता, पॅकेटं मात्र सरळ गळत होती. म्हणजे त्यांच्या डब्यात रांगच नाही. १० च्या वर गेलं की कापा, असा पोलिसी खाक्या. लक्षण वेगळं दिसलं तरी शेपर तोच, फक्त तो थोडा खाली, ९.३ ला न्यावा लागला.

फलटणला दोनच फोन, एक एक्स-रे, एक सोनोग्राफी. तिथल्या छोट्या लिनक्सच्या राउटरवर केक नावाची रांग लावली. ती २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आली. वेग सांगायचा, डीएससीपी वाचून चार कप्पे कर म्हणायचं, झालं. एका ओळीचं काम. लहान जागी मी आता वर्गांच्या फंदात पडतच नाही. साताऱ्यालाही केक पुरला असता का, असं मला नंतर विचारलं गेलं. बहुधा पुरला असता, पण तिथला राउटर ते करणारा नव्हता आणि चालू राउटर बदलायला पैसे कोण देणार?

एक काम वाय-फायचं निघालं. पुण्याचे डॉक्टर टेबलावरचा फोन सोडून मोबाइलमधल्या ॲपवरून बोलायचे. ॲप खूण ४६ लावत होतं, तरी गर्दीच्या वेळी आवाज अडखळायचा. वाय-फायमध्ये रांगा चारच, आणि आमचा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारा डबा) डीएससीपीचे वरचे तीन बिट घेऊन त्यातली एक निवडत होता. ४६ म्हणजे १०१११०, वरचे तीन १०१, म्हणजे ५. आणि ५ म्हणजे व्हिडिओची रांग. आवाजाची रांग ६ आणि ७ ला. २०१८ च्या आरएफसी ८३२५ मध्ये ४६ ला ६ वर न्या असं सांगितलेलंच आहे. ॲक्सेस पॉइंटच्या कोष्टकात एक आकडा बदलला.

तातडीचं बटण

रेडिओलॉजीच्या डॉक्टरांचा डोक्याला मार लागलेला पेशंट माझ्या डोक्यातून गेला नव्हता. सगळे सीटी एकाच वर्गात असले की सकाळचे तीन साधे स्कॅन जात असताना आलेला तातडीचा स्कॅन त्यांच्याबरोबर वाटणीत चालतो आणि पाच मिनिटांचे वीस होतात. पुण्याच्या सर्व्हरवर दुसरा पोर्ट उघडला आणि सीटीच्या कन्सोलवर "तातडी" नावाचं दुसरं ठिकाण जोडलं. त्या पोर्टला जाणारं सगळं वेगळ्या, वरच्या वर्गात. मशिन चालवणाऱ्यानं पाठवताना फक्त ठिकाण निवडायचं.

पहिल्या आठवड्यात तातडीतून चार स्कॅन गेले. तिसऱ्या आठवड्यात काउंटर बघितला तर दोन्ही वर्ग जवळजवळ सारखे. "तातडी" लवकर जातं हे सगळ्यांना कळलं होतं. यावर राउटरमध्ये औषध नाही. डॉक्टरांनी नियम केला की तातडीतून पाठवलेल्या प्रत्येक स्कॅनला पुण्याला फोन करून पेशंटचं नाव सांगायचं. फोन करायचा कंटाळा येतो, आकडा पुन्हा खाली आला. फोन आता तुटत नव्हता, म्हणून हा नियम चाललाही.

पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्याला विजेचा झटका बसून स्विच जळला. तिथल्या मुलानं बाजारातून नवा आणून लावला, सगळं चालू झालं आणि दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. "सर, ते जुनं पुन्हा सुरू झालंय. तुमचा आवाज येतोय, माझा येतोय का?" त्यांचा आवाज तुटत होता. मुलाला १८४ चा पिंग लावायला सांगितला, तो साध्या पिंगइतकाच डुलत होता. नवा स्विचही खुणा पुसणाराच निघाला. पोर्टांवर विश्वास ठेवायला सांगून पाच मिनिटांत काम संपलं. आता त्या रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, मुलाच्या अक्षरात: "स्विच बदलला तर आधी १८४ बघणे. मग घरी जाणे."